अ‍ॅप स्टोअर नावाचे एकच दार : रशिया, चीन आणि आज्ञाधारक कंपन्या

उंबरठा (धागाकर्ता)

१७ सप्टेंबर २०२१, शुक्रवार. रशियाच्या संसदेच्या, म्हणजे दूमाच्या, निवडणुकीचे तीन दिवसांचे मतदान त्या दिवशी सुरू झाले आणि त्याच दिवशी अ‍ॅलेक्सी नवाल्नी या विरोधी नेत्याच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले अ‍ॅप अ‍ॅपल आणि गूगल या दोन्ही कंपन्यांच्या रशियातील दुकानांमधून नाहीसे झाले. नवाल्नी स्वतः जानेवारीपासून तुरुंगात होते आणि त्यांची संस्था जूनमध्ये ‘अतिरेकी’ ठरवण्यात आली होती. उमेदवार म्हणून उभे राहण्याचा मार्ग बंद झालेल्या या लोकांनी एक साधी युक्ती काढली होती. दूमाच्या ४५० जागांपैकी २२५ जागा थेट मतदारसंघांतून भरल्या जातात. अशा प्रत्येक मतदारसंघात सत्ताधारी ‘युनायटेड रशिया’ पक्षाला हरवण्याची सर्वाधिक शक्यता कोणाची आहे, ते हे अ‍ॅप मतदाराला सांगत असे. आपला पत्ता भरायचा आणि एक नाव मिळवायचे. मग तो उमेदवार कम्युनिस्ट असो की आणखी कोणी, मते फुटू द्यायची नाहीत. या योजनेचे नाव होते ‘स्मार्ट व्होटिंग’.

अ‍ॅप काढण्यापूर्वी काय घडले, हे सविस्तर कळायला सहा महिने लागले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने मार्च २०२२ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, गूगलच्या मॉस्कोतील एका वरिष्ठ महिला अधिकाऱ्याच्या घरी एफएसबी या रशियन गुप्तचर संस्थेची माणसे गेली आणि चोवीस तासांत अ‍ॅप काढा, नाहीतर तुरुंगात जावे लागेल, असे त्यांनी बजावले. कंपनीने तिला दुसऱ्या नावाने एका हॉटेलात ठेवले, तर तीच माणसे तिथल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. त्यानंतर काही तासांतच अ‍ॅप गेले. निवडणुकीआधी, जुलै २०२१ मध्ये, रशियाने एक कायदा केला होता. दररोज ५ लाखांहून अधिक रशियन वापरकर्ते असणाऱ्या परदेशी कंपन्यांनी देशात स्वतःचे कार्यालय उघडलेच पाहिजे, असे तो सांगतो. कार्यालय आले की माणसे आली, आणि माणसांना घरे असतात. टीकाकारांनी या कायद्याला ओलीस धरण्याचा कायदा म्हटले होते, ते शब्दशः खरे ठरले.

त्या अधिकारी बाईंच्या जागी मी असतो तर मी काय केले असते, याचे धाडसी उत्तर माझ्याकडे नाही, आणि त्यांना दोष देण्यासाठी हा धागा काढलेला नाही. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. लाखो लोकांच्या फोनवर काय उतरवता येईल आणि काय नाही, हे एका बाईच्या दारावर थाप मारून ठरवता येते, अशी रचना मुळात उभी का राहिली? सरकारला इंटरनेट आवरणे अवघड असते, कारण त्याला हजार वाटा असतात. अ‍ॅप स्टोअरने त्या हजार वाटांचे एक दार केले, आणि दार एक झाले की पहाराही एकच पुरतो.

याचा पुरावा रशियातच आहे. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या ‘रोसकोमनाद्झोर’ या नियामक संस्थेने टेलिग्राम बंद करायला घेतले. टेलिग्राम आपले सर्व्हर हलवत राहिले, तेव्हा संस्थेने अ‍ॅमेझॉन आणि गूगल यांचे लाखो आयपी पत्ते अडवले. त्या माऱ्यात भलतीच संकेतस्थळे आणि सेवा कोलमडल्या, टेलिग्राम मात्र चालूच राहिले. जून २०२० मध्ये बंदी उठवावी लागली. पूर्ण सरकारी यंत्रणेला दोन वर्षांत जे जमले नाही, ते २०२१ मध्ये दोन कंपन्यांकडून एका दिवसात करून घेता आले. जाणकारांनी आपली मते जरूर मांडावीत.

---

कंपासपेटी

धागा आवडला. मी पुण्यात अ‍ॅप बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करते, त्यामुळे ‘एकच दार’ म्हणजे प्रत्यक्षात काय, ते जवळून सांगते.

अ‍ॅपलच्या दुकानात अ‍ॅप चढवताना ते कुठे कुठे उपलब्ध असावे याची यादी समोर येते. एकूण १७५ देश आणि प्रदेश, आणि प्रत्येकाच्या पुढे एक चौकोन. आमचे अ‍ॅप फक्त भारतापुरते असल्यामुळे आम्ही एकाच चौकोनात खूण करतो. अ‍ॅपलने सरकारच्या सांगण्यावरून अ‍ॅप काढले म्हणजे त्यांच्या बाजूने त्या एका देशाची खूण पुसली जाते, बाकीचे १७४ जसेच्या तसे राहतात. त्यामुळे पुण्यात बसून शोधले तर अ‍ॅप दिसते, मॉस्कोत बसून शोधले तर सापडत नाही. आपल्या देशात नेमके काय काढले गेले हे आतल्या माणसाला कळत नाही आणि बाहेरच्याला जाणवत नाही, कारण कुठेही फलक लागत नाही.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. दुकानातून गेलेले अ‍ॅप ज्यांच्या फोनवर आधीच असते, त्यांच्याकडून ते सहसा काढून घेतले जात नाही. पण त्याला सुधारणा मिळत नाहीत. खेळाच्या अ‍ॅपला वर्षभर अपडेट नसले तरी ते चालते. सरकारने अडवलेली संकेतस्थळे उघडून देणाऱ्या व्हीपीएनचे तसे नसते. सरकार आज एका पद्धतीची रहदारी ओळखून अडवते, उद्या व्हीपीएनवाले पद्धत बदलतात, परवा सरकार तीही ओळखते. या पाठशिवणीत अपडेट थांबले की अ‍ॅप फोनवर दिसत राहते आणि काही महिन्यांत निकामी होते.

आयफोनवर दुकान टाळून अ‍ॅप बसवण्याची सोय युरोपीय संघात २०२४ मध्ये डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे द्यावी लागली, आणि तिथेही प्रत्येक अ‍ॅप अ‍ॅपलच्या तपासणीतून जाते. रशियातल्या किंवा चीनमधल्या सामान्य ग्राहकाला ती सोय नाही. अँड्रॉइडवर संकेतस्थळावरून एपीके फाइल उतरवून बसवता येते, म्हणून तिथे एक मागचे दार अजून उघडे आहे.

---

दोन_पैसे

मला दुसरी बाजू मांडावीशी वाटते. परदेशी कंपनीने स्थानिक कायदा पाळू नये, असे आपण म्हणतो आहोत का? जून २०२० मध्ये भारत सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, तेव्हा अ‍ॅपल आणि गूगल यांनी ती तत्काळ पाळली. त्या वेळी कोणी कॅलिफोर्नियातला व्यवस्थापक ‘तुमचा कायदा आम्हाला पटत नाही’ असे म्हणाला असता, तर आपण सर्वांनी त्याला साम्राज्यवादी म्हटले असते. कोणता कायदा न्याय्य आणि कोणता अन्याय्य, हे ठरवण्याचा अधिकार निवडून न आलेल्या कंपनीला द्यायचा का? मला सरकारच्या मनमानीची जितकी भीती वाटते, तितकीच या कंपन्यांच्या मनमानीची वाटते. निदान सरकारच्या विरोधात न्यायालयात जाता येते.

---

वाटसरू

दोन_पैसे यांचा मुद्दा हाताळण्याआधी चीनचा अनुभव लिहितो, कारण तिथे हा प्रयोग सर्वांत लांबवर गेला आहे. मी सिंगापूरला राहतो आणि कामानिमित्त २०१५ पासून चीनमध्ये जाणे-येणे होते.

डिसेंबर २०१६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची अ‍ॅप चिनी दुकानातून गेली. २०१७ मध्ये व्हीपीएन गेले. त्या एका वर्षात ६७४ व्हीपीएन अ‍ॅप काढल्याचे अ‍ॅपलने स्वतः अमेरिकी सिनेटरांना लेखी कळवले आहे. एप्रिल २०२४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप, थ्रेड्स, सिग्नल आणि टेलिग्राम गेले. गूगल प्लेचे दुकान चीनमध्ये नाहीच, त्यामुळे तिथला अँड्रॉइड ग्राहक स्थानिक कंपन्यांच्या दुकानांवर अवलंबून असतो आणि ती दुकाने तर सरकारच्या हाताखालचीच.

पण माझ्या मनात रुतून बसलेला प्रसंग हाँगकाँगचा आहे. २०१९ च्या आंदोलनात ‘एचकेमॅप डॉट लाइव्ह’ नावाचा नकाशा होता. पोलीस कुठे आहेत, अश्रुधूर कुठे सुटला आहे, याची लोकांनी कळवलेली माहिती त्यावर चित्रांनी दिसत असे. पोलिसांच्या जागी कुत्र्याचे चित्र असे. अ‍ॅपलने ते अ‍ॅप आधी नाकारले, मग स्वीकारले. ९ ऑक्टोबरला चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या ‘पीपल्स डेली’ने अ‍ॅपलवर जाहीर टीका केली आणि दुसऱ्याच दिवशी अ‍ॅप दुकानातून गेले. कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी कर्मचाऱ्यांना लिहिले की या अ‍ॅपचा उपयोग एकेकट्या पोलिसांवर हल्ला करण्यासाठी होत होता. हाँगकाँगचे लोकप्रतिनिधी चार्ल्स मोक यांनी त्यांना पत्र लिहून याला आक्षेप घेतला. गर्दी आणि धूर टाळून घरी पोचण्यासाठी सामान्य नागरिक तोच नकाशा पाहत होते, हे त्यांचे म्हणणे होते. इथे लक्षात घ्यावे, की हाँगकाँगच्या कोणत्याही न्यायालयाने हे अ‍ॅप बेकायदा ठरवले नव्हते. तोच नकाशा ब्राउझरमधून पुढेही उघडत होता. म्हणजे दोन_पैसे म्हणतात तो ‘स्थानिक कायदा’ इथे नव्हताच. होती ती एका वर्तमानपत्राची नाराजी, आणि त्या आर्थिक वर्षात अ‍ॅपलच्या एकूण विक्रीचा सुमारे सहावा हिस्सा चीन, हाँगकाँग आणि तैवान मिळून येत होता.

आणखी एक. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी बीजिंगच्या सितोंग पुलावर एका माणसाने शी जिनपिंग यांच्या विरोधातले फलक लावले. त्याची छायाचित्रे लोकांनी मेट्रोत एअरड्रॉपने, म्हणजे जवळच्या आयफोनवर थेट फाइल पाठवण्याच्या सोयीने, अनोळखी फोनवर पाठवली, कारण एअरड्रॉपला इंटरनेट लागत नाही आणि म्हणून त्यावर सेन्सॉर बसवता येत नाही. नोव्हेंबरच्या अपडेटमध्ये चीनमधल्या आयफोनवर ‘सर्वांकडून स्वीकारा’ हा पर्याय दहा मिनिटांनी आपोआप बंद होऊ लागला. पुढे हाच नियम जगभर लागू झाला आणि नको असलेल्या फाइली टाळण्यासाठी तो चांगलाही आहे. पण तो सर्वांत आधी कुठे आला आणि केव्हा आला, ते विसरता येत नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारी निर्बंध आणि सेन्सॉरशिप यांच्या निषेधात कोरे कागद हातात घेऊन लोक शांघायच्या रस्त्यावर उतरले.

---

उंबरठा (धागाकर्ता)

वाटसरू, एचकेमॅपची कालक्रमवार मांडणी फार उपयोगी आहे.

दोन_पैसे, तुमचा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, कारण कंपन्यांच्या मनमानीची भीती मलाही वाटते. पण ‘कायदा पाळला’ हे वाक्य दोन फार वेगळ्या गोष्टी झाकते. एक म्हणजे ज्याची प्रत मागता येते, ज्याची कारणे वाचता येतात आणि ज्याविरुद्ध दाद मागता येते असा आदेश. दुसरी म्हणजे कोणाच्या तरी दारावरची थाप. कंपनी दोन्हींना कायदाच म्हणते. अ‍ॅपलच्या २०२० च्या मानवी हक्क धोरणात लिहिले आहे की देशाचा कायदा आणि आंतरराष्ट्रीय मानके यांत फरक असेल तर आम्ही वरचढ मानक पाळू, आणि दोहोंत विरोध असेल तर देशाचा कायदा पाळून तत्त्वांचा आदर करू. हे वाक्य दोनदा वाचले तर कळते, की विरोध हा नेमका हुकूमशाहीतच येतो आणि नेमक्या तिथेच कंपनीने स्वतःला मोकळे करून घेतले आहे.

भारताचे उदाहरण तुम्ही दिले, ते योग्यच आहे. पण आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ऑनलाइन मजकूर अडवण्याच्या कलम ६९अ खाली निघणारे आदेश २००९ च्या नियमांनुसार गोपनीय ठेवले जातात. मे २०२३ मध्ये ब्रायर, एलिमेंट यांसह १४ संदेश अ‍ॅप बंद झाली आणि कारण म्हणून जम्मू-काश्मीरमधील दहशतवाद्यांचा वापर सांगितला गेला. कारण खरे असूही शकेल. पण आदेश पाहिल्याशिवाय न्यायालयात जायचे कशाच्या आधारावर? महाराष्ट्रातल्या माणसाला हे सांगायला नको. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला बंदविषयीच्या एका फेसबुक नोंदीवरून दोन मुलींना अटक झाली, ती सर्वांनी उघड पाहिली, म्हणूनच प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात त्याच कायद्यातले, ऑनलाइन लिखाणावरून अटकेची मुभा देणारे कलम ६६अ रद्द झाले. त्याच निकालात ६९अ मात्र टिकले, कारण त्यात प्रक्रियेची हमी आहे असे न्यायालयाने मानले. ती हमी उघड्यावर असेल तरच तिचा काही उपयोग आहे. ज्या आदेशाची कुणकुणही लागत नाही, त्याविरुद्ध कोणी पालघरहून दिल्लीला जाऊ शकत नाही.

कंपन्यांनी स्वतः कायदेमंडळ व्हावे, असे मी म्हणत नाही. आदेश मागावा, तो प्रसिद्ध करावा, काढलेल्या अ‍ॅपच्या जागी ‘अमुक संस्थेच्या अमुक दिनांकाच्या आदेशाने अनुपलब्ध’ अशी पाटी लावावी, इतकेच मागतो आहे. अ‍ॅपलच्या २०२२ च्या पारदर्शकता अहवालात सरकारांच्या मागणीवरून काढलेल्या अ‍ॅपची संख्या १,४७४ आहे आणि त्यांपैकी १,४३५ एकट्या चीनच्या मागणीवरून काढली आहेत. आकडे दिले हे चांगले केले. पण अ‍ॅपनिहाय नावे नसल्यामुळे त्या १,४३५ मध्ये जुगार किती आणि बातम्या किती, हे तपासायची सोय नाही.

---

निळीशाई

मी इथे बहुधा वाचनमात्र असते, पण हा धागा माझ्या आयुष्यातला आहे. मी रशियात वैद्यकीय शिक्षण घेतले. आमच्या वसतिगृहात महाराष्ट्रातल्या बऱ्याच मुली होत्या.

मार्च २०२२ मध्ये आधी फेसबुक आणि मग इन्स्टाग्राम बंद झाले. दोन-तीन दिवसांत मजल्यावरच्या प्रत्येकीच्या फोनमध्ये व्हीपीएन आला. स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता कोणता चालतो आणि कोणता नाही, याचीच चर्चा असे. सर्वांत त्रासाचे म्हणजे तो सतत चालू-बंद करावा लागे. बातम्या आणि इन्स्टाग्रामसाठी चालू, तर रशियन बँकेच्या आणि सरकारी सेवांच्या अ‍ॅपसाठी बंद, कारण ती परदेशी पत्त्यावरून उघडायची नाहीत. दुकानात पैसे देताना तो बंद करायला विसरले की रांगेतले मागचे लोक समजून घेत, कारण तेही तेच करत असत.

शिक्षण संपवून मी परत आले, पण माझी रशियन मैत्रीण तिथेच आहे. जुलै २०२४ मध्ये रोसकोमनाद्झोरच्या मागणीवरून अ‍ॅपलने तिथल्या दुकानातून व्हीपीएनची सुमारे २५ अ‍ॅप काढली. तिने नवा आयफोन घेतला होता आणि जुन्यावरचा व्हीपीएन नव्यावर येईना. शोधावे तर नावच निघत नाही. मी तिला खात्याचा देश बदलायला सांगितले. तेव्हा कळले की त्यासाठी खात्यात शिल्लक एक रुबलही उरलेली चालत नाही, चालू वर्गण्या संपवाव्या लागतात आणि नव्या देशाचा पत्ता द्यावा लागतो. आम्ही दोघी व्हिडिओ कॉलवर तीन तास बसलो. शेवटी तिने तिच्या एका नातेवाइकाच्या मदतीने कझाकस्तानचे नवे खाते उघडले. तिला तंत्रज्ञान कळते आणि तिच्याकडे वेळ होता. तिच्या आईने हे केले नसते. त्या आता फक्त सरकारी दूरदर्शन पाहतात.

हे सरकारने केले, हे मला कळते. पण अ‍ॅपलने १ मार्च २०२२ पासून रशियात आपली उत्पादने विकणे बंद केले होते. ज्या देशात कंपनी फोन विकत नाही, तिथल्या लोकांचे फोन तिने सरकारसाठी का आवळायचे, हे मला अजून उमगलेले नाही.

---

कंपासपेटी

निळीशाई, अनुभव लिहिल्याबद्दल मनापासून आभार. त्याच वेळी दुकानातून काढून टाकलेल्या ‘रेड शील्ड व्हीपीएन’ने अ‍ॅपलचे पत्र प्रसिद्ध केले होते. त्यांचे म्हणणे असे होते, की सहा वर्षे रशियन सरकारने आमचे हजारो सर्व्हर अडवले तरी आमचे ग्राहक तुटले नाहीत. अ‍ॅपलने एका फटक्यात ते काम अधिक परिणामकारकपणे केले. धागाकर्त्याने टेलिग्रामविषयी जे लिहिले, त्याचीच ही दुसरी साक्ष आहे.

नाही म्हणता येते, याचेही उदाहरण त्याच उन्हाळ्यातले आहे. जून २०२४ मध्ये मोझिलाने रोसकोमनाद्झोरच्या मागणीवरून आपल्या फायरफॉक्स ब्राउझरची सेन्सॉरशिप चुकवणारी काही एक्स्टेन्शन्स (जोड-सुविधा) रशियातल्या वापरकर्त्यांसाठी काढली. ती बनवणाऱ्यांनी मोझिलाच्याच चर्चापीठावर आवाज उठवला आणि थोड्याच दिवसांत मोझिलाने ती परत ठेवली. मोझिला लहान आहे, तिचे तिथे फारसे काही अडकलेले नव्हते, हे मान्य. पण निळीशाई यांनी विचारले तेच मी विचारते : विक्री थांबवल्यानंतर अ‍ॅपलचे तरी तिथे किती अडकले होते?

---

दोन_पैसे

प्रक्रिया आणि थाप यांतला फरक मला मान्य आहे. एचकेमॅपच्या बाबतीत न्यायालयाचा आदेश नव्हता, ही गोष्ट मला माहीत नव्हती आणि ती माझ्या युक्तिवादाला छेद देते. आदेश उघड करण्याच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मात्र एक शंका राहतेच. हुकूमशाही सरकार म्हणेल, आदेश उघड कराल तर दुकानच बंद करा. गूगलने मार्च २०१० मध्ये चीनमधली सेन्सॉर केलेली शोधसेवा बंद करून ग्राहकांना हाँगकाँगकडे वळवले. तत्त्व राखले गेले, पण चिनी माणसाच्या हाती काय उरले? अपुरे का होईना, दुकान उघडे असणे बरे की नाही?

---

वाटसरू

हा प्रश्न मी चीनमधल्या सहकाऱ्यांना विचारला आहे आणि त्यांच्यातही एकमत नाही. काही जण म्हणतात, अपुरा आयफोनही स्थानिक फोनपेक्षा सुरक्षित आहे. मला ते पटते. म्हणूनच कंपनीने निघून जावे असे मी म्हणत नाही. तिने दाराची किल्ली स्वतःकडे ठेवू नये, असे म्हणतो. ग्राहकाला स्वतःच्या जबाबदारीवर दुकानाबाहेरून अ‍ॅप बसवता आले, तर सरकारने कंपनीवर दबाव आणून फारसे साधणार नाही, आणि त्या अधिकारी बाईंच्या दारावर थाप मारण्याचे कारणही उरणार नाही.

मात्र वारा उलटा वाहतो आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसणारे अ‍ॅप, दुकानाबाहेरून आले तरी, ओळख पटवलेल्या विकसकाचेच असले पाहिजे. सुरुवात २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड इथून होईल, असे तेव्हा सांगितले गेले. फसवणुकीची अ‍ॅप रोखण्यासाठी हे आहे, आणि ती फसवणूक इथे सिंगापुरात मी रोज ऐकतो. बरीच टीका झाल्यावर जाणत्या वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवू, असेही कंपनीने नंतर सांगितले. पण हुकूमशाहीत सेन्सॉरशिप चुकवणारे अ‍ॅप लिहिणाऱ्याने आपले खरे नाव आणि ओळखपत्र कोणाकडे जमा करायचे? कंपासपेटी यांनी ज्याला मागचे दार म्हटले, त्यावरही आता नोंदवही ठेवली जाणार आहे. ती वही पाहायला कोण मागेल, हे २०२१ च्या सप्टेंबरने दाखवले आहे.

---

निळीशाई

मैत्रिणीला हा धागा भाषांतर करून वाचून दाखवला. तिने कळवले आहे की कझाकस्तानच्या खात्यावरचा व्हीपीएन काल अपडेट झाला आणि चालतो आहे. पुढच्या रविवारी ती आईच्या फोनवर तसेच खाते उघडणार आहे. देश बदलण्याच्या पायऱ्या तिने रशियनमध्ये कागदावर लिहून काढल्या आहेत. आई आणि तिच्या दोन शेजारणींसाठी, अशा तीन प्रती केल्या आहेत.